टोस्टसकट पालेगावला

मांजर्लीचं घर सोडलं त्या सकाळी टेम्पोत सगळ्यांत शेवटी कुत्रा चढला. कपाटं, गाद्या, देव्हारा, आप्पांची आरामखुर्ची, सगळं दोरीनं बांधून झालं होतं आणि टोस्ट पायरीवर बसून होता. तो कॉर्गी जातीचा. अंग लांबलचक, पाय वीतभर, कान कोल्ह्यासारखे उभे. टेम्पोची फळी त्याच्या डोक्याच्याही वर, त्यामुळे मनात असतं तरी त्याला चढता आलं नसतं. माझे सासरे, म्हणजे आप्पा, पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. ते म्हणाले, "द्या इकडे त्याला." तोपर्यंत त्यांनी कधी कुत्रा मांडीवर घेतला नव्हता. त्यांनी घराकडे वळून पाहिलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी स्कूटरवर मागे होते. मला फक्त एक पांढरं डोकं आणि त्याच्या बाजूला दोन उभे कान दिसत होते.

आमच्या जुन्या बिल्डिंगच्या ग्रुपवर अजून सगळे आहेत. काही तिथंच राहिले, काही पुण्याला गेले, आमची मुलगी केतकी कॅनडात आहे. सणावाराचे मेसेज झाले की कुणीतरी विचारतंच, टोस्ट कसा आहे, आप्पा रमले का. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची उल्हासनगरची, कॅम्प चारची. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आजूबाजूला सगळी सिंधी वस्ती, त्यामुळे घरात मराठी आणि दारात सिंधी-हिंदी अशी माझी भाषा झाली. लग्न होऊन बदलापूरला निघाले तेव्हा आईनं बाकी काही उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, "नव्या घरात गेलीस की पहिल्या दिवशी शेजारून वाटीभर साखर मागून आण. घरात असली तरी आण. ओळख होते." मी तसंच केलं होतं. तिथं मांजर्लीत वरच्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकींकडून साखर आणली आणि ती वाटी परत देताना त्यात शिरा घालून दिला. पुढची सगळी वर्षं आमच्या दोन घरांमधलं दार उघडंच राहिलं.

टोस्ट केतकीचा. तिनं पहिल्या नोकरीत तो आणला आणि दुसऱ्या नोकरीसाठी कॅनडाला निघून गेली. जाताना म्हणाली, "सहा महिन्यांत घेऊन जाते." ते काही झालं नाही आणि आम्हीही आठवण करून दिली नाही. आप्पांना कुत्रा पसंत नव्हता. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, शिस्तीचे. टोस्ट हे नाव त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही, ते त्याला टोस म्हणायचे. "हा टोस माझ्या वर्तमानपत्रावर का बसतो?" अशी त्यांची रोजची तक्रार असे.

मग एका पावसाळ्यात उल्हास नदी घरात आली. तळमजल्याला राहणाऱ्यांना ते नवं नव्हतं, पण या वेळी पाणी खिडकीच्या चौकटीला लागलं. आप्पांना म्हात्र्यांनी वर नेलं. टोस्टला माझ्या नवऱ्यानं, संजयनं, कपडे भिजवायच्या टबात घातलं आणि टब ढकलत जिन्यापर्यंत नेला. टोस्ट टबात अगदी सरळ बसला होता. सगळं ओसरल्यावर घर धुतलं, भिंतींना चुना लावला, पण कुबट वास गेला नाही. संजय म्हणाला, आता पुरे. अंबरनाथजवळ पालेगावला नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर आम्ही घर घेतलं. आप्पा एकच म्हणाले, "मांजर्लीचं विकू नका. मी आहे तोवर."

पालेगावला आल्यावर पहिल्याच दिवशी साखर संपली होती हे खरं. पण मी फोनवर ऑर्डर केली आणि मुलगा दारात देऊन गेला. समोरच्या फ्लॅटचं दार बंद होतं आणि बंदच असायचं. पुढे महिनोन्महिने मला तिथं कुणी नावानं ओळखत नव्हतं. लिफ्टमध्ये सगळ्यांना टोस्टचं नाव ठाऊक असायचं. मी 'टोस्टची मम्मी' होते आणि आप्पा 'टोस्टचे आजोबा'. हे आप्पांना आवडत नसे.

कॉर्गीबरोबर राहायचं म्हणजे घराकडे त्याच्या उंचीवरून बघावं लागतं. पाठ लांब असल्यामुळे त्यानं सोफ्यावरून उड्या मारलेल्या चालत नाहीत, मणका दुखावतो. म्हणून संजयनं जुन्या कपाटाची फळी तासून सोफ्याला उतरण लावली. केसांचे दोन थर, त्यामुळे उन्हाळा त्याला सोसत नाही. दुपारी बाहेर न्यायचं असेल तर आधी मी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघते. मला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. दिवाळीत बाल्कनीचं दार लावून घ्यायचं आणि पंखा मोठा करायचा. जमिनीवर पडलेली कांद्याची साल, द्राक्षं, औषधाची गोळी, असं त्याला बाधणारं सगळं त्याच्याआधी आपण उचलायचं, कारण त्याचं तोंड कायम जमिनीपासून चार बोटांवर.

लिफ्टचा धडा मात्र आम्ही अनुभवातून शिकलो. एकदा मी पट्टा धरून आत गेले आणि टोस्ट उंबऱ्याशी काहीतरी हुंगत राहिला. दार सरकू लागलं. मी आत, तो बाहेर, पट्टा मधे. मला काही सुचलं नाही. मागून आप्पांनी काठी दारात घातली. दार काठीला लागून मागे गेलं. काठीचा रबर तुटून पडला. आप्पांनी टोस्टला पोटाखाली हात घालून उचललं आणि आत येऊन उभे राहिले. मग ते म्हणाले, "यापुढे आधी कुत्रा, मग माणूस. आणि पट्टा आखूड धरायचा." त्या दिवसापासून दुपारचं फिरवणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, संजयचं ऑफिस ठाण्याला. दिवसभर घरात ते दोघंच. मला बरंच वाटलं.

गंमतीही झाल्या. आमच्या टॉवरच्या मागे अजून जुनं पालेगाव आहे. तिथल्या एका बाई शेळ्या घेऊन आमच्या गेटसमोरून जातात. एका रविवारी टोस्टच्या गळ्यातून पट्टा निसटला आणि तो थेट त्या शेळ्यांमागे. मला वाटलं, आता एखादीला चावणार. पण या जातीचं मूळ काम गुरं वळायचं, ते याच्या रक्तात कुठंतरी शिल्लक असावं. तो भुंकत, वाकडातिकडा धावत, शेळ्यांच्या खुरांशी तोंड नेत, सगळा कळप वळवून आमच्या गेटातून आत घेऊन आला. पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या जागेत शेळ्या उभ्या, पुढे टोस्ट आडवा. वॉचमन डोक्याला हात लावून. बाई मागून आल्या, त्याच्याकडे निरखून बघितलं आणि मला विचारलं, "आवं, यो कुतरा हाय का कोला?"

"कुत्राच आहे. विलायती आहे."

"याला मना द्या. माजा काम हलका होल."

त्या हसल्या, मीही हसले. पालेगावात कुणाशी मोकळेपणानं झालेलं ते माझं पहिलं बोलणं.

पाऊस उतरणीला लागला आणि टोस्ट आजारी पडला. आधी त्यानं जेवण सोडलं. हे नवलच होतं, कारण पोळीचा वास आला की तो झोपेतून उठून यायचा. मग तो सोफ्याच्या उतरणीपाशी जाऊन नुसता उभा राहायला लागला, वर चढेना. मी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. नेहमी गुलाबी असायच्या, त्या फिक्या पडल्या होत्या. संध्याकाळी त्याला अंबरनाथला डॉक्टर मॅडमकडे नेलं. आप्पा म्हणाले, "मीही येतो."

मॅडमनी ताप बघितला, रक्त घेतलं, मग त्याला उताणं करून पोट आणि पंजे तपासले. बोटांच्या बेचक्यातून आणि कानाच्या आतून त्यांनी चिमट्यानं एकेक गोचीड काढून स्पिरिटच्या वाटीत टाकली.

"गोचीड ताप आहे, बहुतेक," त्या म्हणाल्या. "गवतात जातो का?"

"नाही. सोसायटीत फिरतो. तिथं सगळे पेव्हर ब्लॉक आहेत."

त्यांनी त्याच्या पोटाच्या केसांतून कुसळं उपटून माझ्या हातावर ठेवली. "ही पेव्हर ब्लॉकमधली नाहीत. उंच गवतातली आहेत. हा रोज कुठंतरी जातोय. याचं पोट जमिनीला घासतं, त्यामुळे दुसऱ्या कुत्र्याला लागेल त्याच्या दुप्पट याला लागतं. कुठं जातो ते शोधा, नाहीतर औषध देऊन उपयोग नाही."

मी वॉचमनवर संशय घेतला. वाटलं, आप्पा डुलकी घेत असतील आणि तो टोस्टला मागच्या माळावर सोडत असेल. रिक्षात मी तसं बोललेही. आप्पा बाहेर बघत होते. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, खोलीत गेले.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते कपडे करून पलंगावर बसले होते.

"वॉचमनला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "टोस माझ्याबरोबर मांजर्लीला येतो."

मला आधी कळलंच नाही. "मांजर्लीला? कधी?"

"तुम्ही गेलात की. खालचा एक रिक्षावाला आहे, तो नेतो आणि आणतो. टोस पायापाशी बसतो. त्रास देत नाही."

"रोज?"

"रोज नाही. पण बहुतेक."

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. राग आला होता. पण त्यांचा आवाज इतका सरळ होता की तो काढायला जागा सापडेना. मी विचारलं, तिथं जाऊन करता काय.

"काही नाही. दार उघडतो. खिडक्या उघडतो, वारा खेळू देतो. बंद घराला वास येतो. म्हात्रे खाली येतो, आम्ही बसतो. मग टोसला घेऊन नदीपर्यंत जातो. पाणी कुठं आहे ते बघतो आणि परत येतो. बांधाच्या कडेला गवत आहे. याला आवडतं, म्हणून पट्टा सोडतो." मग ते म्हणाले, "मला गोचिडीचं डोक्यात आलं नाही."

"आप्पा, सांगितलं असतंत तर मी नाही म्हटलं नसतं."

"नसतंस म्हटलं. तू रिक्षा ठरवून दिली असतीस, सोबत माणूस दिला असतास, पोचल्यावर फोन करा म्हणाली असतीस. मग ते माझं जाणं राहिलं नसतं."

मी अगदी तेच केलं असतं. मी त्यांना चहा दिला आणि कामावर निघाले. कंपनीत दिवसभर तेच डोक्यात होतं. आम्ही त्यांना पुरापासून वाचवलं होतं, अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं, आणि ते तिथून जवळजवळ रोज त्याच नदीचं पाणी बघायला जात होते.

टोस्टची तब्येत सुधारली नाही. गोळ्या सुरू झाल्या, सलाइन सुरू झालं, पण रक्तातल्या प्लेटलेट्स उतरत राहिल्या. एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त आलं. आप्पांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं ते पुसलं आणि मला हाक मारली. दवाखान्यात मॅडम म्हणाल्या, "याला रक्त द्यावं लागेल. मोठा, तब्येतीचा, लसी दिलेला कुत्रा हवा. आजच्या आज मिळाला तर बरं. मी माझ्याकडून फोन करते, तुम्हीही बघा."

मी कोणाला विचारणार होते? मांजर्लीच्या ग्रुपवर टाकलं. तिथल्या बिल्डिंगच्या शेरूला म्हात्रेकाका आणायला तयार झाले, पण तो त्याच गवतात फिरणारा, मॅडम नको म्हणाल्या. मग मी पालेगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. त्या ग्रुपवर पाण्याचा टँकर आणि पार्किंग सोडून दुसरं काही नसायचं. मी लिहिलं: टोस्टला रक्ताची गरज आहे, कुणाकडे मोठा कुत्रा असेल तर कृपया फोन करा. शेजारी साखर मागायला मला जमलं नव्हतं, आता रक्त मागत होते.

फोन आला तो बी विंगमधून. "मॅडम, मखीजा बोलतोय. माझ्याकडे लॅब्राडोर आहे, बादल. सगळी इंजेक्शनं झालेली आहेत. कुठं यायचं?"

ते दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांच्या अंगावर दुकानाचा कामाचा शर्ट होता, हाताला ऑइल लागलेलं. बादल प्रचंड मोठा, शांत. मॅडमनी त्याचं रक्त तपासलं, टोस्टच्या रक्ताशी जुळवून बघितलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मखीजांनी विचारलं, "पहले से इधर ही रहते हो?"

"मांजर्लीहून आलो. माझं माहेर कॅम्प चारला."

ते वळले. "कॅम्प चार? माझं दुकान आहे तिथं. शिलाई मशीनचे पार्ट. तुमचं घर कुठं होतं?"

मी सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी जरा आठवलं आणि म्हणाले, "वो मशीनवाले काका? आमच्या दुकानातून सुया न्यायचे ते. माझे डॅडी म्हणायचे, हा माणूस मशीन कान लावून ऐकतो." वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल असं कुणी बोलेल असं मला त्या दिवशी वाटलं नव्हतं, तेही पालेगावचा माणूस, अंबरनाथच्या दवाखान्यात. मी डोळे पुसले. मखीजांना वाटलं टोस्टसाठीच. ते म्हणाले, "डोन्ट वरी, बादल का खून है, एकदम हेवी ड्यूटी."

आत आप्पा टोस्टजवळ उभे होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. रक्ताची पिशवी संपेपर्यंत त्यांचा हात टोस्टच्या पाठीवर होता. नंतर बादलला बाहेर आणलं तेव्हा आप्पांनी त्याला नमस्कार केला, म्हणजे खरोखरच दोन्ही हात जोडले. मग स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं म्हणून मखीजांनाही केला.

त्यानंतरही काही दिवस भरवसा नव्हता. आप्पा रोज सकाळी दवाखान्यात टोस्टबरोबर सलाइनला बसायचे आणि मांजर्लीला गेले नाहीत. मग एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना ओट्याखाली काहीतरी हललं. टोस्ट येऊन बसला होता, मान वर करून. मी पोळीचा तुकडा टाकला. तो त्यानं जमिनीवर पडू दिला नाही.

बरा झाल्यावर प्रश्न उरला तो आप्पांच्या जाण्याचा. संजयचं म्हणणं, आता बंद. मी म्हटलं, टोस्टचं गवत बंद, आप्पांचं जाणं बंद नाही, आणि आपण रिक्षा ठरवून द्यायची नाही. यावर आमचं दोघांचं वाजलं, पण संजयनं ऐकलं. आप्पा पुन्हा जाऊ लागले. टोस्टला महिन्याच्या महिन्याला गोचिडीचं औषध सुरू झाल्यावर त्यालाही नेऊ लागले, पण नदीच्या बांधावर पट्टा सुटत नाही. परत आल्यावर आप्पा बाल्कनीत बसतात, चष्मा लावतात, टोस्टला आडवं पाडतात आणि चिमटा घेऊन कानापासून शेपटीपर्यंत तपासतात. शेपूट नावापुरतीच आहे, पण तीही तपासतात. कधीकधी मखीजा बादलला घेऊन येतात. मग त्याचीही तपासणी होते.

गेल्या हिवाळ्यात आप्पांनी आपणहून विषय काढला. "मांजर्लीचं घर भाड्यानं द्या. मी गेलो की खिडक्या उघडतो आणि निघालो की बंद करतो. त्यापेक्षा तिथं कुणी राहिलेलं बरं." वांगणीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून आलेलं कुटुंब मिळालं. नवरा बदलापूरला वायरमन, बायको अंगणवाडीत मदतनीस. पाड्यावर म्हातारे आईवडील आणि भाताचं शेत मागे ठेवून आलेले. किल्ली आप्पांनीच दिली. पावसाळ्यात सामान कोणत्या उंचीवर ठेवायचं, ते त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं.

आम्हाला वाटलं होतं, आता त्यांचं जाणं थांबेल. थांबलं नाही, कमी झालं. ते म्हात्र्यांकडे बसतात. मागच्या आठवड्यात असेच जाऊन आले. जेवताना मी विचारलं, आज काय झालं.

"त्या बाईनं आत बोलावलं. चहा घ्या म्हणाली. मी दारात चपला काढल्या आणि उभाच राहिलो. बसा म्हणाली, तेव्हा बसलो."

"मग?"

"काही नाही. चहा बरा करते. भिंतीला तिनं निळा रंग दिलाय. वास येत नाही आता." त्यांनी भात कालवला. "आणखी बसा म्हणत होती. पण टोसची जेवायची वेळ झाली होती, म्हणून उठलो. उशीर झाला की हा दाराकडे बघत राहतो."

केतकी परवा फोनवर विचारत होती, आई, तुला आता घर म्हटल्यावर कुठलं घर आठवतं. मी तिला सांगितलं, आठवायचं म्हटलं तर कॅम्प चारचंच आठवतं, आणि मांजर्लीचं स्वप्नात येतं. पण कंपनीतून सुटल्यावर स्कूटरला किल्ली लावते तेव्हा मनात विचार येतो तो एकच, आप्पा आणि टोस्ट जेवायचे थांबले असतील. मग मी पालेगावचा रस्ता धरते.